सत्तेचाळिसावा नंबर

हॉथॉर्न, इंडियाना
मंगळवार, १८ जून

प्रिय लॉवेल,

तू आणि अर्डिथ दोघंही ठीक असाल असं धरून चालतो. धरून कशाला चालायचं, परवाच चर्चमध्ये दोघांना पाहिलं. चार गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या माणसाला टपालानं पत्र धाडणारा या गावातला मी पहिलाच इसम असेन. पोस्टातली बाई पत्ता वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघणार. बघू दे.

खरं तर या महिन्यात मी तुझ्याकडे तीनदा येऊन गेलो. पहिल्यांदा तू गवत कापत होतास. मी लांबूनच हात केला आणि पुढे सटकलो. दुसऱ्यांदा अर्डिथनं बसवून घेऊन चेरीचा केक खाऊ घातला. तो मी खाल्ला, छान झालाय म्हटलं आणि घरी आलो. तिसऱ्यांदा तुझ्या टपालपेटीपर्यंत पोचलो आणि तिथूनच शेपूट घातली. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

इकडे सगळं क्षेम. मार्लिसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला घरातली धूळ दिसायला लागली आहे आणि ती कुणाच्या आळसामुळे साचली तेही. टोमॅटो यंदा लवकर लागलेत. जेवताना मी तिला बास्केटबॉलच्या ड्राफ्टबद्दल सांगत होतो, तर म्हणाली, "तीस संघ, दोन फेऱ्या, नवी पोरं पाळीपाळीनं उचलायची. उचलणारे ते, पगार देणारे ते. मग तुम्ही नऊ म्हातारी माणसं पशुखाद्याच्या दुकानामागे बसून फळ्यावर नावं कसली लिहिता? तुम्हाला विचारतंय कोण?"

मी म्हटलं, "कुणी विचारत नाही म्हणून तर आम्ही एकमेकांना विचारतो."

पूर्वी असलं उत्तर सुचलं की मी दिवसभर स्वतःवर खूश असायचो.

तर रविवारी फळा. खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. झाडून काढली, खुर्च्या पुसल्या, शाळा बंद पडली तेव्हा आपण तिघांनी उचलून आणलेला तो फळा ओल्या फडक्यानं पुसला. आपल्या संघाला काय हवंय ते शेंबड्या पोरालाही कळतं: बास्केटखाली पाय रोवून उभा राहील असा उंच सेंटर. गेल्या हंगामात समोरच्यांनी आपल्या डोक्यावरून चेंडू काढून नेले आणि आपले सगळे चपळ बुटके खाली उभे राहून वर बघत बसले. फर्नला मात्र यंदाही एक गार्डच हवाय, टेक्ससचा, डावखुरा. लांबून सुरेख टाकतो म्हणे. मी म्हटलं, "फर्न, असले आपल्याकडे चार आहेत." ती म्हणाली, "चारातला एकही चेंडू आत टाकत नाही, म्हणून पाचवा." या बाईशी वाद घालून मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही.

लॉवेल, मी हे सगळं का लिहीत बसलोय ते मला माहीत आहे. पत्र डॉयलबद्दल आहे. रविवारच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं, कारण डॉयल रविवारी त्या खोलीत बसायला हवा.

शनिवारी तो दुकानात कोंबड्यांचं खाणं घ्यायला आला होता. मी मागच्या दारात झाडू घेऊन उभा. दोन वर्षं आम्ही एकमेकांना नुसती मान हलवत आलोय. त्या दिवशी तो पोतं गाडीत टाकून सरळ माझ्याकडे आला.

"काय वेंडल, यंदा कुणाला रेटतोयस?"

मी सांगितलं. मिशिगनचा सात फुटी पोरगा.

"पाय जड आहेत त्याचे."

"पाय जड असू देत, हात लांब आहेत."

"अरे, हात लांब असून काय करतोस? तो पोचेपर्यंत समोरचा बास्केट टाकून घरी जाऊन जेवतो!"

अर्धा तास आम्ही उन्हात उभे राहून भांडलो. बचाव, रिबाउंड, कुणाला विकावं, कुणाला बाकावर बसवावं. दोन वर्षांत या माणसाला कुणी विचारलेलंच नव्हतं हे त्याच्या बोलण्यातून कळत होतं. त्याच्याकडे पन्नास पोरांची माहिती पाठ होती. "फर्न अजून बुटक्यांच्याच मागे का?" म्हणाला. मी म्हटलं, अजून. "तिला म्हणावं, त्यांच्याबरोबर स्टूलही घे." आणि हसला. मग माझ्या खांद्यावरून आत खोलीकडे बघत म्हणाला, "फळा आहे ना तिथंच?"

जाताना तो आणखी एक वाक्य बोलला. ते उद्या लिहितो. मार्लिस जेवायला हाक मारते आहे.

बुधवार

मार्लिसनं काल हाक मारली नव्हती. ती तेव्हा तिच्या बहिणीकडे गेली होती. मला पुढचं लिहवेना म्हणून तिचं नाव पुढे केलं. बघ, स्वतः लिहिलेल्या कबुलीतसुद्धा मी दुसऱ्याच्या आड लपतो. ही सवय मला दोन वर्षांपासून लागली आहे.

तुला सगळं आठवत असणार, तरी मी एकदा सरळ मांडतो.

दोन वर्षांपूर्वी तुझा नातू गॅरेट ड्राफ्टला उभा राहिला. हॉथॉर्नमधला पहिला पोरगा. पहिल्या फेरीतला नव्हता हे तुलाही माहीत होतं. छोट्या कॉलेजातला गार्ड, फार तर दुसऱ्या फेरीत शेवटीशेवटी कुणी घेतला तर घेतला. आणि आपल्या संघाकडे नेमका सत्तेचाळिसावा नंबर. दोन संघांनी त्याला सरावाला बोलावलं होतं, त्यात आपला एक. मग जूनमध्ये चाहत्यांच्या चर्चेच्या पानावर 'गंजका खांब' नावाच्या कुणीतरी लिहिलं की या पोराचा गुडघा जानेवारीत गेलेला आहे आणि घरच्यांनी ते दडवून ठेवलंय. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं. कुणीतरी रेडिओवर वाचून दाखवलं. दोन्ही सराव रद्द झाले. पहिल्या नंबरासाठी संघ दहा डॉक्टर बसवतो, सत्तेचाळिसाव्यासाठी एवढी झंझट कोण करणार? पुढचं नाव घेतात. ड्राफ्टच्या दिवशी तुझ्या दिवाणखान्यात आम्ही बावीस माणसं होतो. अर्डिथनं संघाच्या रंगांचा केक केला होता. साठ नावं झाली, आणि केक कुणी कापलाच नाही.

घराबाहेर गुडघ्याचं ठाऊक होतं फक्त डॉयलला. बर्फात तुला महामार्गावर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून जानेवारीत इंडियानापोलिसला गॅरेटला डॉक्टरकडे त्यानंच नेलं होतं. तू खोलीत सगळ्यांसमोर त्याला विचारलंस, "डॉयल, तू कुणाला बोललास?" तो म्हणाला, "नाही." तू म्हणालास, "मग कोण बोललं?" त्यानं फळ्याकडे पाहिलं, आपल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि टोपी घालून निघून गेला. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. गावातली निम्मी पोरं त्यानं सुखरूप घरी पोचवली.

फळ्याच्या चौकटीवर आपली दहा नावं पांढऱ्या रंगानं लिहिलेली होती. तू मला म्हणालास, "वेंडल, किल्ली तुझ्याकडे, तूच खरवड." मी खिशातून चाकू काढला आणि डॉयलचं नाव खरवडलं. एकेक अक्षर. रंगाचा चुरा माझ्या बुटांवर पडत होता. तू मागे उभा होतास आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. बिचाऱ्या वेंडलला मित्राचं नाव पुसावं लागतंय म्हणून ठेवलास. तो हात मला अजून जाणवतो, लॉवेल. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण घराबाहेर ठाऊक असलेला डॉयल एकटा नव्हता. फेब्रुवारीत आपण दोघं शेजारच्या गावी शाळांची मॅच बघून गाडीतून परत येत होतो, तेव्हा तू मला सांगितलं होतंस. म्हणालास, "पोटात ठेव." मी म्हटलं, "हे काय सांगायला हवं?" मला सांगितलेलं तू विसरला नव्हतास, हे मला माहीत आहे. तुला माझा संशय आला नाही, एवढंच.

'गंजका खांब' मीच.

लिहिलं एकदाचं. दहा मिनिटं पेन बाजूला ठेवलं होतं. आता शनिवारी डॉयल काय म्हणाला तेही लिहितो. गाडीचं दार उघडून तो म्हणाला, "तुझा तो लिथुआनियाचा सेंटर परत गेला म्हणे घरी."

मी म्हटलं, "कुठला?"

"ज्याच्यासाठी तू पानावर माझ्याशी आठवडाभर भांडलास तो. 'शेवटची रांग' मी होतो, वेंडल. 'फ्रिजचं दार उघडावं तसा कोपर बाहेर काढतो' असं त्या पोराबद्दल लिहिलं होतंस. ते वाक्य आख्ख्या इंडियानात तुझ्याशिवाय कुणी बोलत नाही."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," म्हणाला. "मला वाटलं, आठवडाभरात बोलशील."

आणि कोंबड्यांचं खाणं घेऊन गेला.

गुरुवार

काल लिहून झाल्यावर वाटलं, सुटलो. आज सकाळी वाचलं तर दिसलं की अजून निम्मंच लिहिलं आहे. नेमकं तेव्हाही मी हेच केलं होतं.

तू मला गुडघ्याबद्दल दोनदा सांगितलं होतंस. फेब्रुवारीत सांगितलंस की दुखावलाय. आणि एप्रिलमध्ये, आपण तळ्यावर गळ टाकून बसलो होतो तेव्हा, सांगितलंस की डॉक्टरनं पुन्हा तपासलं, गुडघा साफ बरा आहे, तसं लिहूनही दिलंय. तू इतका खूश होतास की गळाला मासा लागलेला तुला कळला नाही, तो मी ओढला. त्या दिवशी मीही तुझ्याबरोबर हसलो.

जूनमध्ये मी त्यातलं पहिलंच लिहिलं.

ते कसं घडलं ते सांगतो. त्यानं काही सुटत नाही, तरी सांगतो. तो 'शेवटची रांग' मला एकेका मुद्द्यावर पाडत होता. मी म्हटलं आपल्याला सेंटर हवा, तो म्हणाला हा लिथुआनियाचा सेंटर पळतच नाही. मी म्हटलं गार्ड चिक्कार आहेत, तो म्हणाला गॅरेटसारखा बचाव त्यातला एकही करत नाही, आणि आकडे दिले. आकडे खरे होते. आणि आपल्या फळ्याचा नियम माझ्या अंगात मुरलेला: नुसतं नको म्हणून चालत नाही, कारण द्यावं लागतं. कारण नाही तर खडू नाही. सगळी कारणं संपली होती, लॉवेल. एकच उरलं होतं. भर दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी लिंबू सरबताचा ग्लास. 'बरा झाला आहे' एवढे तीन शब्द मी टाइप केले होते. ते वाचले. मग वाटलं, याच्यानं मुद्दा पडतो. आणि ते खोडले.

मी हरायला तयार नव्हतो. तेही एका अशा माणसापुढे, ज्याचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं, सत्तेचाळिसाव्या नंबरावरून.

स्वतःला मी दोन वर्षं सांगत आलो की संघाच्या भल्यासाठी केलं. संघानं माझा सेंटर घेतला नाही आणि तुझा गॅरेटही. तिसऱ्याच कुणाला घेतलं. तो नऊ मॅच खेळला.

आणि खरं सांगू? सेंटरचंही निमित्तच होतं. आपण दोघं एकाच वर्षी शाळेच्या संघात होतो. तू बारावा, मी तेरावा. बारांना जर्सी मिळायच्या. ते ठीक होतं, ते मी कधीच गिळून टाकलं होतं. पण त्या वसंतात मी कुठंही गेलो, केस कापायला, गाडीत तेल भरायला, की लोक विचारायचे, "लॉवेलच्या नातवाचं काय?" खोलीत मी बोलायला लागलो की सगळे तुझ्या तोंडाकडे बघायचे. चाळीस वर्षं आपण दोघं सारखेच होतो, काहीही न जमलेले, फक्त बडबड करणारे. तू पुढे निघालास आणि मला ते बघवलं नाही. तुझं सुख मला बोचलं. हे वाक्य मी कालपर्यंत मार्लिसलाही सांगितलं नव्हतं. आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आणि अर्डिथचा केक खाऊन आलास तू?"

गॅरेट मागच्या महिन्यात मला पेट्रोलपंपावर भेटला. पोलंडमध्ये खेळला तो एक हिवाळा, तिथली थंडी, कोबीचं सूप, सगळं हसत सांगत होता. आता शेजारच्या गावच्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवतो तेही छान चाललंय म्हणाला. मग म्हणतो, "वेंडलकाका, या ना एकदा सरावाला. माझ्या पोरींना बास्केटखाली उभं राहायचं कसं ते कुणीतरी जुन्या माणसानं दाखवायला हवं." मी म्हटलं, बघतो. गाडीत बसलो आणि पेट्रोल न भरताच घरी आलो. त्या दिवसापासून तुझ्या घराकडे फेऱ्या सुरू झाल्या.

आज सकाळीच मी त्या पानावर गेलो. माझ्या खऱ्या नावानं, गावाच्या नावासकट, लिहिलं की दोन वर्षांपूर्वी 'गंजका खांब' नावानं मी गॅरेटबद्दल अर्धीच गोष्ट लिहिली होती, त्याचा गुडघा एप्रिलमध्येच पूर्ण बरा झाला होता, ते मला माहीत होतं आणि मी मुद्दाम लिहिलं नाही, घरच्यांनी काहीही दडवलं नव्हतं. खूप शिव्या पडतील अशी तयारी ठेवून बसलो होतो. संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं.

"कोण गॅरेट?"

लॉवेल, मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्याकडून काहीतरी मागून घेणं झालं, आणि तुझ्याकडून मी पुरेसं घेतलं आहे. गॅरेटला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते याच टपालानं जाईल. डॉयलकडे मात्र मी आत्ता चालत जातोय. त्यानं दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. त्यानं दोन वर्षं वाट पाहिली, मी एक दिवस पाहू शकतो.

तुला एकच काम सांगतो. रविवारी खोली तू उघड, किल्ली पाकिटात आहे. पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश मी खोलीत, फळ्याखाली ठेवला आहे. डॉयलचं नाव होतं तिथं लाकूड जरा खोल गेलंय, माझ्या चाकूनं, तेव्हा रंगाचे दोन हात द्यावे लागतील. सगळ्यांसमोर दे. त्याच्या शेजारचं नाव माझं आहे. ते मी स्वतःच खरवडून ठेवलं आहे, तुला कुणाला सांगावं लागू नये म्हणून. यावेळी पाठीवर कुणाचा हात नव्हता.

किल्लीबरोबर पाकिटात माझा खडू आहे. मी जे केलं त्याची कारणं वर तीन पानं लिहिली, पण फळ्यापुढे उभं राहून मोठ्यानं सांगता येईल असं त्यात एकही नाही. नियम तुला माहीत आहे.

तुझा तेरावा,
वेंडल